मुलाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय? त्याआधी आत कॅन्सर नाही, हे तपासून घ्यायचा क्रम

लहान मुलाला मोतीबिंदू, पडदा सरकणं, डोळ्यात रक्त साकळणं, काचबिंदू यांपैकी काहीतरी सांगितलं जातं आणि ऑपरेशनची तारीख मिळते. घरातले सगळे रजा आणि पैसे जुळवायला लागतात. या धावपळीत एक प्रश्न कुणी विचारतच नाही: या सगळ्याच्या मागे रेटिनोब्लास्टोमा नाही ना? डोळ्याच्या पडद्याचा हा कॅन्सर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होत असल्याने गावातल्या डॉक्टरांनी कित्येक वर्षांत एकही पाहिलेला नसतो. तो दुसऱ्या आजाराच्या रूपात समोर येतो, ऑपरेशन होतं आणि मग बायोप्सीच्या कागदावर खरं नाव दिसतं.

वेळेत सापडला तर यातली बहुतेक मुलं वाचतात. गाठ डोळ्याच्या आत असेपर्यंत हा मुलांच्या कॅन्सरपैकी सर्वांत चांगल्या बऱ्या होणाऱ्या प्रकारांतला एक आहे. म्हणूनच डोळा चुकून उघडला जाणं इतकं महागात पडतं.

आधी धोका नेमका कुठे आहे ते समजून घ्या

ही गाठ ठिसूळ असते. तिचे कण सुटून डोळ्यातल्या जेलीत तरंगत राहतात. डोळ्याची पांढरी भिंत शाबूत असते तोवर ते आतच अडकून राहतात. डोळ्याच्या आत लसीकावाहिन्या नाहीत, त्यामुळे पेशींना बाहेर पडायची वाट सोपी नसते. बाहेरच्या पातळ आवरणात मात्र त्या आहेत.

जेली काढायच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे व्हिट्रेक्टॉमीत, भिंतीला बारीक छिद्रं पाडून आत सतत पाणी सोडलं जातं. हे पाणी बाहेर येताना पेशी घेऊन येतं आणि त्या छिद्रांच्या कडेला, वरच्या आवरणाखाली रुजू शकतात. तिथून पुढे कानापुढच्या गाठी, डोळ्याची खोबण, अस्थिमज्जा. मोतीबिंदूचं ऑपरेशन, काचबिंदूत आतल्या पाण्याला वाट करून देणं, आतलं पाणी तपासायला सुई घालणं, डोळ्यात इंजेक्शन देणं यांतही भिंत उघडतेच. किती उघडली यापेक्षा उघडली हेच महत्त्वाचं.

म्हणून इथे बाकी कॅन्सरच्या उलट नियम चालतो. एरवी आधी तुकडा काढून तपासतात, मग उपचार. रेटिनोब्लास्टोमाचं निदान बघून आणि चित्रांवरूनच करतात, तुकडा किंवा सुईने पाणी काढून नाही. ("पण काही मुलांना डोळ्यातच केमोची सुई देतात ना?" असं विचारणारे भेटतात. देतात, पण ती निदान पक्कं झालेल्या डोळ्यात, गाठ नसलेली जागा शोधून, सुई बाहेर येताना ती जागा गोठवून, या कामात मुरलेल्या डॉक्टरांकडून. ती वेगळी गोष्ट.)

टप्पा १: हे ऑपरेशन थांबू शकतं का, ते ठरवा

बहुतेक थांबू शकतात, निदान तपासण्या होईपर्यंतचे दिवस. तिरळेपणाचं ऑपरेशन आठवडाभर पुढे गेल्याने काही बिघडत नाही. सरकलेला पडदाही बहुधा तितका थांबतो.

जे थांबत नाही ते: मांज्याने, पेन्सिलीच्या टोकाने, फटाक्याने डोळा फाटला असेल तर. तिथे भिंत आधीच उघडी आहे, त्याच दिवशी शिवायला हवं. अशा वेळी हा लेख बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा.

जन्मजात मोतीबिंदूचं थोडं नाजूक आहे. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो काढावा लागतो, नाहीतर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. म्हणून "सगळं तपासू, मग पुढच्या महिन्यात बघू" हे चालत नाही. सोनोग्राफी त्याच दिवशी, त्याच इमारतीत होते. ती झाली की पुढे जा.

> सावधान: तपासणीसाठी थांबणं म्हणजे घरी बसणं नव्हे. बाहुली पांढरी दिसत असेल तर आठवड्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघितलाच पाहिजे. डोळ्यात आईचं दूध, मध, काजळ घालणं आधी बंद. आणि "थोडं तिरळं असणं लकी असतं" हे आजी म्हणाली तरी तिरळेपणा हे या कॅन्सरचं पांढऱ्या बाहुलीखालोखाल आढळणारं लक्षण आहे.

टप्पा २: मिळालेलं निदान "आड लपणाऱ्या" यादीत आहे का, ते पाहा

चुका सगळ्यांत जास्त इथे होतात, कारण सांगितलेलं निदान खोटं नसतं. पडदा खरंच सरकलेला असतो, रक्त खरंच साकळलेलं असतं. ते कशामुळे, एवढंच बघायचं राहतं.

*पडदा सरकला.* मोठ्या माणसात हे वय, जास्त नंबर किंवा मार यांमुळे होतं. दोन वर्षांच्या मुलात याचं कारण हातात आल्याशिवाय ऑपरेशन ठरवायचं नाही. गाठ पडद्याखाली वाढली की पडदा उचलला जातो.

*मार लागला, डोळ्यात रक्त आलं.* मूल रोज पडतं, त्यामुळे आठवायला गेलं की मार हमखास आठवतो. मार किरकोळ आणि रक्त भरपूर, असा हिशेब जुळत नसेल तर संशय घ्या. पापणीवर साधा ओरखडाही नाही आणि आत जेलीभर रक्त आहे, हे पटण्यासारखं नाही.

*मोतीबिंदू.* रेटिनोब्लास्टोमात भिंग बहुतेक वेळा स्वच्छ असतं. पांढरेपणा भिंगाच्या मागून येतो. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, फरक कळतो, पण रडणाऱ्या बाळाला स्लिट लॅम्पसमोर धरणं म्हणजे काय, हे ज्याने धरलंय त्यालाच ठाऊक. भिंग खरोखर पांढरं असेल आणि पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफीशिवाय पुढे जायचं नाही.

*काचबिंदू.* डोळा मोठा दिसतो, दाब वाढलेला असतो. एकाच डोळ्याला आणि जन्मानंतर काही महिन्यांनी सुरू झाला असेल तर आत काय आहे ते आधी.

*सूज, इन्फेक्शन, युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज).* हा सगळ्यांत फसवा प्रकार. रेटिनोब्लास्टोमाचा एक पसरट प्रकार आहे. त्यात गाठ उभी राहत नाही, चुन्याचे कण दिसत नाहीत. तो थोड्या मोठ्या, पाच-सहा वर्षांच्या मुलांतही येतो आणि बाहुलीसमोर पू साचल्यासारखा पांढरा थर दिसतो. स्टेरॉइडचे थेंब दिले की सूज थोडी उतरते आणि सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं. पांढरा थर आहे पण डोळा फारसा लाल नाही, दुखत नाही, आणि थेंब कमी केले की थर परत येतो, हे लक्षात ठेवा. इथे "आतलं पाणी काढून तपासू" ही सूचना आली की थांबा.

*पापणी सुजून डोळा बंद झाला.* आतली गाठ सडली की डोळ्याभोवती अशी सूज येते. अँटिबायोटिक चालू असतानाच सोनोग्राफी करून घ्या. सूज उतरायची वाट बघू नका.

*कोट्स, पीएफव्ही, टॉक्सोकॅरा.* पांढऱ्या बाहुलीची ही तीन नावं केसपेपरवर वारंवार दिसतात. कोट्स म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्या गळण्याचा आजार, बहुधा मुलग्यांत, एका डोळ्यात आणि थोड्या मोठ्या वयात. पीएफव्ही म्हणजे जन्माआधीच्या रक्तवाहिन्या डोळ्यात तशाच राहून जाणं; हा जन्मापासून, आणि तो डोळा सहसा दुसऱ्यापेक्षा लहान असतो. टॉक्सोकॅरा म्हणजे कुत्र्या-मांजराच्या विष्ठेतून जाणाऱ्या जंताचा त्रास. तिन्ही खरे आजार आहेत, पण नावापुढे प्रश्नचिन्ह असेल तर ते पुसलं जाईपर्यंत ऑपरेशन नको.

*तिरळेपणा.* हे ऑपरेशन डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूंवर होतं, आत जात नाहीत. तरी बाहुली मोठी करून पडदा न बघता तिरळेपणाची तारीख देणं ही चूकच. मूल तिरळं बघतंय ते पडद्याच्या मधोमध गाठ आल्यामुळे असेल, तर स्नायू सरळ करून काहीच साधत नाही आणि महिने निघून जातात.

> तपासा: केसपेपरवर दोन्ही डोळ्यांचा पडदा बघितल्याची नोंद आहे का? "फंडस" या शब्दापुढे काहीतरी लिहिलेलं हवं. "नो व्ह्यू" किंवा "हेझी" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दिसलं नाही. ते "नॉर्मल" नव्हे.

टप्पा ३: घरची फाइल तयार करा

तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळी हे करून ठेवा.

मुलाचे जुने फोटो काढा. बारसं, पहिला वाढदिवस, लग्नातले फोटो, जिथे फ्लॅश वापरला होता ते. एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी-पिवळी चमक असे फोटो वेगळे करा आणि प्रत्येकाची तारीख लिहा. व्हॉट्सअॅपवर आलेला नको, मूळ फोटो फोनमध्ये राहू द्या. पांढरेपणा कधी सुरू झाला याचं उत्तर डॉक्टरांना यातून मिळतं. एखाद्याच फोटोत चमक दिसली म्हणून कॅन्सरच असं नाही; मूल कडेला बघत असेल तर निरोगी डोळाही तसा चमकू शकतो. उलट सगळे फोटो चांगले आले म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, कारण आजकालचे फोन लाल डोळे आपोआप पुसून टाकतात.

दुसरं काम अवघड. दोन्हीकडच्या नातेवाइकांना विचारा: कुणाचा डोळा लहानपणी काढला होता का? कुणाला खोटा डोळा आहे का? कुणाचं मूल दोन-चार वर्षांचं असताना "डोक्यात गाठ होऊन" गेलं का? आपल्याकडे अशा गोष्टी लग्न जमताना झाकल्या जातात आणि पुढे तीस वर्षं झाकलेल्याच राहतात. मामाच्या खोट्या डोळ्याचं कारण "लहानपणी विटीदांडू लागला" असं सांगितलं जातं. आईला किंवा वडिलांना हा आजार दोन्ही डोळ्यांत झाला होता असं निघालं, तर ज्या जनुकदोषामुळे हा आजार होतो, तो बाळाला मिळण्याची शक्यता निम्मी असते. ही माहिती कोणत्याही मशीनपेक्षा जास्त कामाची. सासूबाईंना एकटीला गाठून विचारा, चारचौघांत उत्तर मिळत नाही.

सोबत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड ठेवा. बाळ वेळेआधी झालं होतं का, किती दिवस काचेच्या पेटीत होतं, हे पडद्याच्या दुसऱ्या एका आजारासाठी विचारतात.

टप्पा ४: बाहुली मोठी करून दोन्ही डोळे

थेंब टाकून बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त. सोबत दूध-पाणी, आवडतं खेळणं आणि एक जास्तीचं माणूस असू द्या. डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून मूल आडवं असताना पडदा बघतात. मूल रडेल. ते ठीक आहे.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे फक्त त्रास असलेला डोळा बघणं. साधारण तीनातल्या एका मुलाला हा आजार दोन्ही डोळ्यांत असतो आणि दुसऱ्या डोळ्यातली गाठ अजून बारीक, कसलंही लक्षण न देणारी असू शकते. निदानाची किल्ली कित्येकदा त्या "चांगल्या" डोळ्यात मिळते: खराब डोळ्यात रक्तामुळे काहीच दिसत नाही आणि चांगल्या डोळ्यात एक छोटी पांढरी गाठ स्पष्ट बसलेली असते.

टप्पा ५: डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन

हीच ती तपासणी जी नसल्याने सगळं बिघडतं. बंद पापणीवर जेल लावून प्रोब ठेवतात, पाच-दहा मिनिटांत होते, दुखत नाही, भूल लागत नाही, रेडिएशन नाही. डोळ्यांच्या बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत मशीन असतं.

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. "पडदा सरकलाय का" एवढंच लिहिलं तर रिपोर्टही तेवढंच सांगतो. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: रेटिनोब्लास्टोमा नाही याची खात्री करायची आहे, दोन्ही डोळे.

रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी शोधा:

१. गाठ किंवा "मास" आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलंय का?
२. "कॅल्सिफिकेशन", म्हणजे चुन्याचे कण? रेटिनोब्लास्टोमाच्या बहुसंख्य डोळ्यांत ते असतात.
३. त्यामागे सावली, म्हणजे "शॅडोइंग"?
४. दोन्ही डोळ्यांची लांबी. आजारी डोळा लक्षणीय लहान असेल तर पीएफव्हीकडे झुकतं माप. सारखाच असेल तर संशय टिकतो.

"रेटिनल डिटॅचमेंट सीन" एवढ्या एका ओळीवर रिपोर्ट संपत असेल तर त्या ओळीने आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. परत जाऊन विचारा: पडद्याखाली काय आहे? नुसतं पाणी, की काही घट्ट?

> सावधान: चुन्याचे कण नाहीत म्हणजे कॅन्सर नाही, असं समजू नका. टप्पा २ मधल्या पसरट प्रकारात ते नसतात. तिथे पुढचे दोन टप्पे टाळता येत नाहीत.

टप्पा ६: भूल देऊन तपासणी

जागं मूल डोळा फिरवतं, पडद्याची कड दिसत नाही. भूल देऊन डॉक्टर बाहेरून हलका दाब देत थेट कडेपर्यंत बघतात, फोटो काढतात, दाब मोजतात.

पोट रिकामं ठेवायचा नेहमीचा हिशेब असा: जड खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर तेच पाळा. तपासणी रद्द व्हायची सगळ्यांत नेहमीची कारणं दोन: मुलाला सर्दी-खोकला, आणि रडतोय म्हणून कुणीतरी गुपचूप भरवलेलं बिस्किट. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासात गेलं तर जिवाशी खेळ आहे. चुकून भरवलं असेल तर लाजू नका, सांगा.

फॉर्मवर सही करताना नीट वाचा. त्यावर "तपासणी" लिहिलंय की "तपासणी आणि गरज पडल्यास ऑपरेशन"? दुसरं असेल तर विचारा, गरज म्हणजे कोणती. एकाच भुलेत सगळं उरकण्याचा मोह डॉक्टरांना नसेल तर नातेवाइकांना असतो, "परत भूल नको" म्हणून. या एका बाबतीत परत भूल परवडली.

टप्पा ७: एमआरआय, आणि सीटी का नको

संशय उरला असेल तर डोळ्यांच्या खोबणी आणि मेंदू असा काँट्रास्टसह एमआरआय. डोळ्याची नस जाड झालीय का, गाठ भिंतीपलीकडे गेलीय का, मेंदूत मधोमध दुसरी गाठ आहे का, हे त्यात कळतं. लहान मुलाला भूल किंवा झोपेचं औषध लागतं. म्हणून आधीच विचारा की टप्पा ६ ची तपासणी आणि एमआरआय एकाच भुलेत बसवता येतील का.

सीटीत चुन्याचे कण छान दिसतात, तो स्वस्त आहे आणि पटकन होतो. तरी शक्यतो टाळतात. ज्या मुलांत जनुकदोष जन्मतःच असतो, त्यांच्यात रेडिएशनमुळे पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, आणि आपलं मूल त्यातलं आहे का हे आज माहीत नसतं. एमआरआय मिळतच नसेल किंवा डोळा फाटला असेल, तर डॉक्टर सीटी सांगतील. तेव्हा अडून बसू नका.

टप्पा ८: दुसरं मत, योग्य ठिकाणी

दुसरं मत म्हणजे शेजारच्या गल्लीतला दुसरा दवाखाना नव्हे. डोळ्यांच्या कॅन्सरचं काम रोज करणारे डॉक्टर हवेत. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीचं एम्स, या ठिकाणी हे काम नियमित चालतं. सोलापूर, लातूर, नांदेडकडच्यांना हैदराबाद सोयीचं पडतं. टाटाला राहायची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांच्या कामी येते.

सोबत न्यायचं: सोनोग्राफीच्या मूळ प्रतिमा (नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही), एमआरआयची सीडी, फोटोंचा फोन, सगळे केसपेपर, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशनकार्ड. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे करा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. अंगणवाडीत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाने मुलाला पाठवलं असेल तर त्यांची संदर्भ चिठ्ठी जपा.

स्थानिक डॉक्टरांना कसं सांगायचं, याची पालकांना भीती वाटते. सरळ सांगा: "सर, ऑपरेशन तुमच्याकडेच करू, फक्त त्याआधी कॅन्सर नाही एवढं एकदा टाटाला दाखवून येतो, चिठ्ठी द्या." चांगले डॉक्टर चिठ्ठी आनंदाने देतात.

टप्पा ९: सही करण्याआधीचे प्रश्न

कॅन्सर नाही असं ठरलं आणि ऑपरेशनची वेळ आली की डॉक्टरांना समोरासमोर विचारा:

१. दोन्ही डोळ्यांचा पडदा बघितला का? दिसला नसेल तर सोनोग्राफी दोन्हीकडची झाली का?
२. रेटिनोब्लास्टोमा कशावरून नाही म्हणता? उत्तर केसपेपरवर लिहून द्याल का?
३. आत गेल्यावर अनपेक्षित गाठ दिसली तर काय कराल? अपेक्षित उत्तर: तिथेच थांबून, छिद्रं बंद करून लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवू.
४. जे काही बाहेर काढाल ते तपासणीला पाठवणार ना?

चौथा प्रश्न एका ऑपरेशनसाठी जिवाचा आहे. डोळा आंधळा, दुखरा किंवा आक्रसलेला असला की कधी कधी डोळ्याची भिंत ठेवून आतला गर खरवडून काढतात. याला इव्हिसरेशन म्हणतात. मूल असेल आणि डोळा का गेला याचं कारण पक्कं माहीत नसेल, तर आधी सोनोग्राफी-एमआरआय झालंच पाहिजे, कारण आक्रसलेल्या डोळ्यातही हा कॅन्सर लपतो. शंका असेल तर डोळा न फोडता, अखंड, नसेच्या लांब तुकड्यासकट काढतात आणि तसाच पॅथॉलॉजीला पाठवतात.

टप्पा १०: ऑपरेशन होऊन गेलं आणि मग कळलं तर

सगळं संपलं असं नाही. पण आता दिवस मोजले जातात. डोळा उघडला गेला त्या दिवसापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंतचं अंतर जितकं कमी तितकं बरं. भांडण, तक्रार, वकील हे सगळं नंतर. आधी हे:

त्या हॉस्पिटलमधून ऑपरेशनच्या नोंदी मागून घ्या: छिद्रं किंवा चिरा नेमक्या कुठे होत्या, आत तेल किंवा वायू भरलाय का, रेकॉर्डिंग आहे का. पुढच्या डॉक्टरांना त्या जागा माहीत असणं गरजेचं, कारण डोळा काढायचा ठरला तर त्या जागांवरचं आवरणही सोबत काढावं लागतं. काढलेली जेली किंवा तुकडे फेकले नसतील तर पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे मागा. ते देणं नेहमीचंच काम आहे.

त्या डोळ्याला परत कुणी हात लावायचा नाही. "एकदा साफ करून बघू" नाही, "पक्कं करायला बायोप्सी" नाही.

कॅन्सर केंद्रात बहुधा आणखी एमआरआय, अस्थिमज्जेची आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी होते. मग बहुतेक वेळा तो डोळा काढणं आणि केमोथेरपी, काहींना रेडिएशनही. "डोळा वाचवता येत नाही का" हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि विचारायलाच हवा. पण उघडल्या गेलेल्या डोळ्याबाबत डॉक्टर कमी तडजोड करतात, त्याचं कारण वर सांगितलंय. हे उत्तर ऐकून दुसऱ्या-तिसऱ्या शहरात फिरण्यात महिना घालवणारी, मध्येच झाडपाल्याकडे वळणारी कुटुंबं सगळ्यांत जास्त गमावतात. कृत्रिम डोळा साधारण सहा आठवड्यांनी बसतो आणि बघणाऱ्याला पटकन कळतही नाही.

> तपासा: डोळा काढल्यावरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये डोळ्याच्या नसेचं कापलेलं टोक, भिंतीआतला रक्तवाहिन्यांचा थर आणि डोळ्याचा पुढचा भाग, या तिन्हींबद्दल लिहिलेलं हवं. पुढच्या केमोचा निर्णय त्यावर ठरतो. एखादं राहिलं असेल तर विचारा.

मुलाच्या रक्तातली आरबी१ जनुकाची (ज्यातल्या दोषामुळे हा कॅन्सर होतो) तपासणी करून घ्या आणि भावंडांचे पडदे लगेच बघून घ्या, लक्षण असो वा नसो. आई पुन्हा गरोदर असेल तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना आणि बाळाच्या डॉक्टरांना आधीच कळवा, म्हणजे नव्या बाळाचा पडदा पहिल्या आठवड्यातच बघता येईल. पुढच्या तपासण्या किती दिवसांनी, हे रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं. तो हाती येईपर्यंत त्या बाळाला दोष आहे असं धरूनच तारखा घ्यायच्या.